वेबिसोडला 'उपकथानक' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेचा 'द नाइट ऑफ द डॉक्टर' हा फक्त इंटरनेटवर आलेला छोटा भाग पाहून एका वाचकाने त्यावर मराठीत लिहिलं. लिहिताना त्याला 'मालिकेचं उपकथानक' असं म्हटलं. मित्राने हरकत घेतली आणि 'वेबिसोड'च लिही म्हणून सुचवलं. बरोबर कोण, आणि मराठी शब्द हवाच असेल तर कोणता?

'उपकथानक' नको, हे आधी सांगतो. मराठीत हा शब्द नाटक-कादंबरीच्या चर्चेत चांगला रुळलेला आहे आणि त्याचा अर्थ पक्का आहे: मुख्य कथानकाच्या बरोबरीने, त्याच कलाकृतीच्या आत चालणारा दुसरा धागा. नायक-नायिकेचं एकीकडे चाललेलं असताना नायकाच्या मित्राचं लग्न जुळतं, ते उपकथानक. महाभारतातलं नलोपाख्यानही असंच वनपर्वाच्या पोटात बसलेलं आहे. पर्व वाचायला घेतलं की ते वाटेत लागतंच. वेबिसोड वाटेत लागत नाही. टीव्हीवर सगळी मालिका इमानेइतबारे पाहणाऱ्यालाही तो दिसेलच असं नाही, कारण तो मालिकेच्या बाहेर, वेगळ्या जागी ठेवलेला असतो.

'उप' या उपसर्गाचीही इथे अडचण होते. उपाध्यक्ष, उपविभाग, उपनियम म्हटलं की आपल्याला खालची पायरी दिसते. आता हा विशिष्ट भाग पाहा. या मालिकेचा नायक डॉक्टर मरायला टेकला की नवं रूप घेतो आणि नवा नट त्याची भूमिका करतो, म्हणून पहिला, दुसरा असे डॉक्टर मोजतात. १९९६च्या दूरचित्रवाणी-चित्रपटात पॉल मॅगन आठवा डॉक्टर झाला, आणि त्यानंतर कित्येक वर्षं त्या भूमिकेत पडद्यावर दिसलाच नाही. २००५ साली मालिका नव्याने सुरू झाली ती थेट नवव्या डॉक्टरपासून. मधे काय घडलं ते कोणी दाखवलंच नव्हतं. मग १४ नोव्हेंबर २०१३ रोजी, मालिकेच्या पन्नाशीच्या विशेष भागाला नऊ दिवस उरले असताना, हा जेमतेम सात मिनिटांचा भाग इंटरनेटवर आला. कोसळणाऱ्या यानातल्या कॅस नावाच्या वैमानिकेला डॉक्टर वाचवू पाहतो. पण तो टाइम लॉर्ड, म्हणजे कालप्रवास करणाऱ्या जमातीतला, आहे हे कळताच ती त्याच्या टार्डिसमध्ये, म्हणजे त्याच्या कालयानात, पाऊल टाकायला नकार देते. टाइम लॉर्ड आणि त्यांचे शत्रू डालेक यांच्यात युद्ध पेटलेलं आहे, आणि तिला दोघांत काही फरकच उरलेला दिसत नाही. तिच्याबरोबर तोही यानात राहतो आणि यान कार्न ग्रहावर आदळतं. तिथल्या भगिनीसंघाने दिलेला प्याला पिऊन तो जॉन हर्टने साकारलेला योद्धा डॉक्टर होतो. आठव्या डॉक्टरचा शेवट एवढ्या सात मिनिटांतच आहे, टीव्हीच्या कुठल्याही नेहमीच्या भागात नाही. याला 'उप' लावायला माझा हात धजत नाही.

जुन्या शब्दांत शोधलं तर दोन सापडतात. 'क्षेपक' म्हणजे मागाहून घुसवलेला मजकूर. पण त्यात परक्या हाताचा संशय असतो. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती असल्या भरींपासूनच. हा भाग तर त्या वेळी मालिकेची धुरा वाहणाऱ्या स्टीव्हन मॉफॅट यांनीच लिहिलेला, तेव्हा तो क्षेपक नव्हे. दुसरा शब्द 'खिल', आणि अर्थाने तो फार जवळचा आहे. मूळ संहितेच्या बाहेरचा, पण तिला जोडून चालत आलेला भाग म्हणजे खिल. हरिवंश हे महाभारताचं खिल; आपण घरोघरी म्हणतो ते श्रीसूक्त ऋग्वेदाच्या खिलसूक्तांतलं. मनापासून आवडणारा शब्द आहे हा. पण आज 'खिलभाग' लिहिलं तर दहातले नऊ वाचक 'खीळ' समजतील, आणि खीळ बसणं म्हणजे तर काम थांबणं. तेव्हा तोही राहू द्या.

मी सुचवेन 'पुरवणी भाग'.

परीक्षेत उत्तरपत्रिका संपली की आपण पुरवणी मागून घेतो. ती वेगळी मिळते, दोऱ्याने मुख्य उत्तरपत्रिकेला बांधली जाते, आणि तिच्यातल्या उत्तरांना गुण तितकेच मिळतात. वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी अंकाबरोबर येते, पण ती काढून घेऊन वेगळी वाचता येते. विधिमंडळात पुरवणी मागण्या मांडतात त्या मूळ अर्थसंकल्पात भागलं नाही म्हणून. सुटेपण, जोडलेपण आणि कमी पडलं ते पुरवणं, या तिन्ही छटा वेबिसोडला लागू पडतात. शिवाय शब्द घराघरातला आहे, अर्थ सांगत बसावं लागत नाही. 'जोडभाग' असाही एक पर्याय मनात येतो, पण जोडाक्षरामुळे आणि मोज्यांच्या जोडामुळे तिथे दोघांची जोडी डोळ्यांसमोर येते. दोन भागांत सांगितलेली एक गोष्ट, असा वाचकाचा समज होईल.

सगळ्याच फाट्यांना मात्र पुरवणी म्हणू नये. याच मालिकेतून २००६ साली 'टॉर्चवुड' निघाली. ती स्वतंत्र मालिका आहे. उसाच्या फुटव्यासारखी मूळ बुंध्यातून निघून स्वतःची मुळं धरलेली. तिला सरळ 'फुटवा मालिका' म्हटलं तरी मला चालेल.

'वेबिसोड' हा शब्द मुळात आला कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. एपिसोड ग्रीक रंगभूमीवरचा. कोरसच्या दोन गाण्यांच्या मधल्या भागाला ते नाव होतं. त्यात 'एपि' म्हणजे आणखी, आणि 'ऐसोदोस' म्हणजे आत येणं, प्रवेश. मराठी नाटकातही अंकाच्या पोटात 'प्रवेश'च असतात! दोन भाषांच्या रंगभूमींनी, एकमेकींना न विचारता, पात्राच्या रंगमंचावर येण्यावरूनच नाटकाचे तुकडे मोजले, याचा मला विलक्षण आनंद होतो. पुढे इंग्रजीने एपिसोडची शेपटी तोडली आणि हवी तिथे लावली: वेबला वेबिसोड, मोबाइलला मोबिसोड, छोट्याला मिनिसोड. 'डॉक्टर हू'नेच २००६मध्ये मोबाइलसाठी मिनिटभराचे तुकडे काढले, त्यांचं नाव टार्डिसोड.

मित्राचंही काही खोटं नाही. विषय तंत्राचा किंवा व्यवसायाचा असेल तर 'वेबिसोड'च लिहावं, तिथे नेमका तोच हवा. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या अमेरिकी विज्ञानमालिकेचं उदाहरण घ्या. २००६च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तिसरा हंगाम सुरू होण्याआधी, 'द रेझिस्टन्स' नावाचे दहा वेबिसोड आले. सायलॉन या यंत्रमानवांच्या ताब्यातल्या न्यू कॅप्रिका ग्रहावर डक नावाच्या साध्या माणसाची बायको मारली जाते आणि तो प्रतिकाराकडे वळतो. त्याचा मित्र जॅमर शत्रूच्या पोलिसांत जातो. तिसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला डक अंगावर स्फोटकं बांधून जातो. ते नीट कळायला हे दहा तुकडे पाहिलेले असावे लागतात. तरीही मालिकेच्या मालक कंपनीचं म्हणणं होतं की ही प्रसिद्धीची सामग्री आहे, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसा प्रोमो. त्यामुळे लेखकांना नेहमीच्या भागाचं मानधन देय नाही. त्यावरून वाद पेटला. पुढे नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ अमेरिकेतले पटकथालेखक संपावर गेले, तेव्हा इंटरनेटवरच्या कामाचा मोबदला हा त्यांचा एक मुख्य मुद्दा होता. म्हणून एक विनंती: पुरवणी भागाला प्रोमो कधीच म्हणू नका. प्रोमो पुढे काय येणार ते सांगतो, पुरवणी स्वतः काहीतरी घडवते.

लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. एपिसोड मराठीत पुल्लिंगी आहे, म्हणून वेबिसोडही 'तो'. अनेकवचनात रूप बदलत नाही: एक वेबिसोड, दहा वेबिसोड. 'वेबिसोड्स' असा इंग्रजी 'स' लावायची गरज नाही. 'पुरवणी भाग' हे 'पुरवणी मागण्या'प्रमाणे दोन शब्दांत लिहावं, आणि संदर्भ स्पष्ट झाला की पुढे नुसतं 'पुरवणी' म्हटलं तरी भागतं. तेव्हा तुमचं वाक्य असं करा: 'आठव्या डॉक्टरचा शेवट मालिकेच्या एका सात मिनिटांच्या पुरवणी भागात दाखवला आहे, हा वेबिसोड २०१३ साली इंटरनेटवर आला.'