अमेरिकेसारखे ट्रक ड्रायव्हरसाठी दारू-नशेचे वेगळे नियम आपल्याकडे आहेत का? भावाला ट्रकवर लावायचंय.

नाहीत. स्कूटीवाल्याला जो आकडा तोच दहा चाकीवाल्याला. 100 मिलि रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली की मोटार वाहन कायद्याचं कलम 185. 2019 च्या दुरुस्तीपासून पहिल्या वेळी 10 हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. पुन्हा सापडला तर 15 हजार दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही.

अमेरिकेत ट्रकवाल्याला 0.04 टक्के, कारवाल्याला बहुतेक राज्यांत 0.08. आपला आकडा 0.03, म्हणजे कागदावर आपणच कडक. फरक असा की तिकडे ट्रकवाल्याची लघवी तपासतात. नोकरीला घेण्याआधी, मोठ्या अपघातानंतर, आणि अधूनमधून कुणाचंही नाव काढून. आपल्याकडे फुंकायला लावतात, झालं. माझं दुखणं तिथेच आहे.

2011 साली काकांच्या गाडीवर होतो. किशनगढहून नाशिकला मार्बल. जोडीला लायसन नसलेला क्लीनर, आणि माझी तिसरी रात्र. काकांचा फोन, "सकाळी पार्टीचे हमाल उभे राहतील, गाडी लागलीच पाहिजे." नीमचजवळच्या ढाब्यावर एका उस्तादाने डोड्याचा चहा पाजला. अफूच्या बोंडांचा भुसा उकळलेला, काळपट, कडूजहर, वरून मूठभर साखर. ग्लासच्या तळाला चोथा. एक पुडीही दिली. ती सेंधव्याला घेतली, बिजासन घाट उतरायच्या आधी. लोक म्हणतात डोड्याने झोप उडते. खोटं आहे. झोप असतेच, ती आलीय हे कळायचं बंद होतं.

मालेगावच्या बाहेर नाकाबंदी. हवालदारांनी मशीन तोंडापुढे धरलं. फुंकलं. शून्य. "असे ड्रायव्हर पाहिजेत," म्हणाले आणि टॉर्च हलवून सोडलं. माझ्या डोळ्यांत कुणी बघितलं नाही.

राहुड घाटात रस्त्याच्या मधोमध पांढरा बैल उभा दिसला. स्टेअरिंग डावीकडे मारलं, गाडी गटारात. मागचा माल सरकून केबिनवर आला आणि क्लीनरचा डावा हात दोन ठिकाणी मोडला. तो आजही सांगतो, बैल-बिल काही नव्हता.

तेव्हापासून काका प्रत्येक लग्नात सांगतात, "आमच्या पोरानं थेंब घेतला नव्हता, मशीनवर शून्य होतं. माझ्या गाडीवर दारू चालत नाही." बरोबर आहे, दारू चालत नव्हती. तीन रात्री जागलेला माणूस चालत होता. तेव्हाचा 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास म्हणायचा, पण तो पाच कामगारांपासून पुढे लागू. काकांच्या वहीत कायम चारच नावं.

तेव्हा भावाला दारूचं भाषण देऊ नका, तो ते ऐकून घेईल आणि विसरेल. शेठला विचारा, लांबच्या भाड्याला जोड ड्रायव्हर देणार का. "बघू, लागला तर देऊ" म्हणाला तर आमच्या काकांचाच भाऊ समजा आणि दुसरी गाडी शोधा.

माझं वाचून कुणी डोडा सुटतो असं समजू नका. कलम 185 मध्ये नशेचे पदार्थही येतात, मशीन दाखवत नसलं तरी रक्त तपासायला नेता येतं. पुडी खिशात सापडली तर एनडीपीएसचा, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याचा, गुन्हा वेगळा. शिवाय नशेत गाडी ठोकली तर स्वतःच्या गाडीचा क्लेम विमा कंपनी नाकारते. माझ्या वेळी रक्त कुणी तपासलंच नाही म्हणून काकांना क्लेम मिळाला, हे इथे पहिल्यांदाच लिहितोय.

आणि हो, माउथवॉशने चूळ भरून लगेच फुंकलं तर मशीन उगाच आकडा दाखवू शकतं. पंधरा-वीस मिनिटं थांबून परत फुंकू द्या म्हणावं, भांडू नये.