पाण्यातील मात्रा की पाण्याने शोषलेली मात्रा?

प्रश्न असा आला आहे: ‘उष्मामापनाने पाण्यातील किरणोत्सर्गाची मात्रा मोजणे’ हा मथळा मराठीत बरोबर आहे का? आणि त्या लेखात पुढे येणाऱ्या ‘शोषित मात्रे’त पाणी नेमकं काय शोषतं?

व्याकरणाला बाध नाही, पण अर्थ पार बदलला आहे. ‘पाण्यातील क्षारांचं प्रमाण’ म्हटलं की क्षार पाण्यात आहेत असंच आपण समजतो. त्याच चालीने हा मथळा वाचणाऱ्याला पाणी दूषित झालं आहे असं वाटेल. दूषित पाण्याचा हिशेब बेकरेल (सेकंदाला किती अणुकेंद्रकं फुटतात याचं एकक) प्रतिलिटरमध्ये होतो, तो विषयच निराळा. इथलं पाणी अतिशय शुद्ध असतं. त्यावर बाहेरून किरणांचा झोत सोडतात आणि पाण्याने त्यातली किती ऊर्जा घेतली ते मोजतात. म्हणून ‘पाण्याने शोषलेली मात्रा’ असंच लिहावं.

‘शोषलेली’ हे विशेषण गाळू नये. औषधाची मात्रा देणारा मोजतो. ही मात्रा घेणाऱ्याकडे मोजली जाते. झोत किती प्रखर होता याला इथे महत्त्व नाही, एक किलोग्रॅम पाण्यापाशी किती ज्यूल ऊर्जा राहिली याला आहे. किलोग्रॅमला एक ज्यूल म्हणजे 1 ग्रे. लुईस हॅरोल्ड ग्रे या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाचं हे एकक 1975 साली स्वीकारलं गेलं. मोजायला पाणीच का, तर किरण शोषण्याच्या बाबतीत शरीरातल्या मऊ ऊती बऱ्याच अंशी पाण्यासारख्या वागतात. कर्करोगाच्या किरणोपचारातले डोस याच मापाने ठरतात.

आता उष्मामापन. शोषलेली ऊर्जा अखेर उष्णतेच्या रूपात उरते, पण किती! 1 ग्रे मात्रेने पाणी जेमतेम 0.00024 अंश सेल्सिअसने तापतं. सगळ्या शरीराला 4 ग्रे एकदम मिळाले तर उपचारांअभावी जीव जाऊ शकतो, आणि तरी तापमान अंशाच्या हजाराव्या भागाएवढंच वाढतं. इजा उष्णतेने होतच नाही. ती पेशींतले रेणू मोडल्यामुळे होते.

एवढीशी वाढ पकडायची तर पाणी निश्चल हवं. म्हणून ते 4 अंशांवर ठेवतात. तिथे पाण्याची घनता सर्वाधिक असते, त्यामुळे तापमानातल्या किंचित फरकाने प्रवाह सुरू होत नाहीत. बंद काचपात्रात, बारीक नळ्यांच्या टोकांशी बसवलेले थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार विद्युतरोध बदलणारे चिमुकले संवेदक, त्या जागेचं तापमान टिपतात. पाण्यातून उष्णता फार सावकाश पसरते, म्हणून मोजणीपुरती ती जागच्या जागी राहते. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती रसायनाची. किरणांनी पाण्याचे रेणू फुटतात, त्यांच्या तुकड्यांच्या अभिक्रियांत थोडी उष्णता खर्ची पडते किंवा जास्तीची निर्माण होते, आणि तेवढ्याने उत्तर चुकतं. उपाय म्हणून पाण्यात हायड्रोजन किंवा नायट्रोजन विरघळवून ते संपृक्त करतात. मग हा फरक जवळजवळ शून्यावर येतो.

कोणी विचारेल, मोजतात तापमान, मग ‘तापमापन’ का नको? कारण तापमानवाढीला पाण्याच्या विशिष्ट उष्म्याने (एक किलोग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला लागणाऱ्या ऊर्जेने) गुणलं की थेट ज्यूल प्रतिकिलोग्रॅम मिळतात. ते यंत्र आधी दुसऱ्या कुठल्या किरणमापकाशी ताडून घ्यावं लागत नाही, म्हणूनच मानकं ठरवणाऱ्या प्रयोगशाळांना ही पद्धत प्रिय आहे. ‘उष्मामापन’ अगदी चपखल आहे, ते ठेवा.

‘किरणोत्सर्ग’ मात्र बदला. अस्थिर अणुकेंद्रकातून आपोआप किरण बाहेर पडतात त्याला तो शब्द शोभतो. उपचारांतला झोत बहुतेकदा त्वरकातून, म्हणजे वीज चालवते अशा यंत्रातून येतो. बटण बंद केलं की थांबतो. तिथे पाठ्यपुस्तकी ‘प्रारण’ चालेल, नाहीतर साधं ‘किरण’.