दुरून डोंगर साजरे : यातले ‘साजरे’ म्हणजे काय?

प्रश्न एका आईचा आहे. पाचवीतल्या मुलाने विचारलं, “दिवाळी साजरी करतात, वाढदिवस साजरा करतात, मग डोंगर दुरून कसे साजरे करायचे?” मुलाचा प्रश्न फार चांगला आहे, कारण त्याने नेमक्या शब्दावर बोट ठेवलंय.

‘साजरा’ म्हणजे सुंदर, देखणा. म्हणीत तो याच मूळ अर्थाने आला आहे: डोंगर लांबून सुंदर दिसतात. आणि दिवाळीतही अर्थ वेगळा नाही. ‘सण साजरा केला, दिवाळी साजरी केली, वाढदिवस साजरे केले’ ही रूपं बघा. ‘काम सुरू केलं, शाळा सुरू केली’ यात ‘सुरू’ जागचा हलत नाही; ‘साजरा’ मात्र सणाप्रमाणे लिंग-वचन बदलतो, कारण तो अजूनही विशेषण आहे. सण साजरा करायचा म्हणजे तो दिवस देखणा करायचा. ‘करणे’बरोबर राहून राहून आपण त्याचा अर्थच ‘समारंभ’ असा धरून बसलो.

वऱ्हाडात हा शब्द एकटाही सुखाने नांदतो. माझी अकोल्याची मावशी नव्या लुगड्यातल्या सुनेकडे बघून म्हणायची, “लय साजरी दिसून राहिली वो माय!” तिला ही म्हण कुणी समजावून सांगावी लागली नसती. बाकी महाराष्ट्रात ‘साजिरी-गोजिरी’ या जोडीत तो उरला आहे. तिथे ‘इ’मुळे ‘ज’ ‘जीव’मधल्यासारखा उच्चारतात, तर ‘साजरे’त तो ‘जावई’मधला. मूळ ‘साजणे’, म्हणजे शोभणे. त्यामागे संस्कृत ‘सज्ज’. ‘घराण्याला साजेसं वागणं’ हे त्याच कुळातलं.

संस्कृतात याच अर्थाचं ‘दूरतः पर्वता रम्याः’ आहे. एका सुभाषितात तर लांबूनच रम्य वाटणाऱ्या तीन गोष्टींत डोंगरासोबत युद्धाच्या कथाही घातल्यात. हिंदीवाले हेच ढोलाबद्दल म्हणतात, ‘दूर के ढोल सुहावने’. मला मराठी बांधणी जास्त आवडते. तीन शब्द, प्रत्येकी तीन अक्षरं, आणि ‘र’ तिन्हींत. एकदा ऐकली की म्हण तोंडात बसते.

आता अर्थाची एक बारीक बाजू. ही म्हण सर्रास ‘दिसतं तसं नसतं’च्या जागी वापरतात, ते मला पटत नाही. तिथे फसवणूक आहे, इथे फक्त अंतर आहे. बारी गावाकडे येताना रस्त्यावरून कळसूबाई बघा. १६४६ मीटरचं, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, पण लांबून नुसती निळसर, गुळगुळीत रेघ. मधल्या हवेने काटे, कपारी, खाचखळगे सगळं पुसून टाकलेलं असतं. चढायला लागलं की घसाऱ्यावर पाय सरकतो, करवंदीच्या जाळीत बाही अडकते, पुढे कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या येतात. डोंगराने काहीच लपवलेलं नव्हतं. आपणच लांब उभे होतो.

म्हणून ही म्हण शोभते ती लांबच्या नोकरीला, दुसऱ्याच्या संसाराला, परदेशातल्या सुखाला. शेजारच्या गावातलं स्थळ, गाडी-बंगला ऐकून भुललेल्या मुलीला आजी म्हणते, “अगं, दुरून डोंगर साजरे, आधी चार दिवस जाऊन राहून बघ.” म्हणजे ते लोक वाईट आहेत असं ती म्हणत नाही, जवळ जाऊन बघ एवढंच सांगते. सोंग घेणाऱ्या माणसाला मात्र ही म्हण लावू नका. त्याच्यासाठी ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ आहे.

मुलाला एवढंच सांगा: डोंगर साजरे करायचे नसतात, ते आधीच साजरे असतात. आणि जमलं तर त्याला एखाद्या डोंगरावर घेऊन जा.