हॅलोविनला मुलांबरोबर घरी भुताखेतांचं गोड काय करता येईल? अंडं आणि जिलेटिन चालत नाही.

पुडिंगचं कबरस्तान करा. अमेरिकेत मुलांसाठी हे घरोघरी होतं: खाली चॉकलेट पुडिंग, वर काळ्या बिस्किटांच्या चुऱ्याची माती, मातीत थडगी. लेकीकडे न्यू जर्सीला होते तेव्हा पहिल्यांदा केलं. खायच्या ताटात थडगी मांडायची हे माझ्या जिवावर आलं होतं, पण नातवंडांनी ज्या मायेने एकेक थडगं रोवलं ते बघून तो विचार गेला.

अर्धा लिटर दूध घ्या. त्यातल्या वाटीभर गार दुधात ३ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर आणि ३ चमचे कोको कालवा. गरम दुधात टाकलंत तर गुठळ्या होतील. उरलेलं दूध ६ चमचे साखर घालून तापवा, मग हे मिश्रण ओता आणि तळापासून ढवळत राहा. उकळी फुटल्यावरही मिनिटभर शिजवा, नाहीतर पिठाची कच्ची चव राहते. काचेच्या पसरट भांड्यात ओतून गार करा. एवढं काम मोठ्यांचं.

पुढचं सगळं मुलांना द्या. ओरिओ जाड पिशवीत घालून लाटण्याने कुटायला सांगा. थडग्यांसाठी तिकडे मिलानो बिस्किटं वापरतात, पण त्यात अंडं असतं. आम्ही पार्ले-जी घेतली. नक्षीची बाजू मागे ठेवून कोऱ्या बाजूवर वितळलेल्या चॉकलेटने नावं लिहायची. मोडकं बिस्किट फेकू नका, तिरकं खोचलं की जुनं थडगं दिसतं. बाजारातल्या गमी अळ्यांमध्ये बहुतेक वेळा जिलेटिन असतं, त्या सरळ वगळा.

आणि भुतं? भुतं श्रीखंडाची. माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे. दही रात्रभर टांगून चक्का अगदी घट्ट होऊ द्या. वाटीभर चक्क्याला पिठीसाखर दोनच चमचे, कारण साखर घातली की चक्का सैल पडतो आणि भुतं बसकी होतात. केशर अजिबात नको, पांढरीशुभ्र हवीत. प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून मातीवर गोळा पाडायचा आणि पिशवी हलकेच वर ओढायची, मोदकाच्या शेंड्यासारखं टोक येतं. डोळे काळ्या तिळांचे. माझी धाकटी नात जीभ दातांत धरून, चिमटीत एकेक तीळ पकडून लावत होती. एका भुताला तिने तीन डोळे लावले आणि ते कुणालाही खाऊ दिलं नाही.

थडगी आणि भुतं शेवटच्या तासातच लावा, आधी लावलीत तर बिस्किटं मऊ पडतात आणि चक्क्याला पाणी सुटतं. आणि हे ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या संध्याकाळी, मुलं वेश करून घरोघरी खाऊ मागायला बाहेर पडायच्या आधी खायला द्या. परत येतात तेव्हा पिशवीभर चॉकलेटं घेऊन येतात, मग याकडे कोणी बघत नाही.