जुन्या मारुती ८०० चं इंजिन सकाळी टकटक करतं, गरम झालं की गप्प होतं. इंजिन उतरवावं का?

तुमचं म्हणणं असं आहे: गाडी २००३ ची मारुती ८००, गाव दारव्ह्याकडचं. सकाळी सुरू केली की इंजिनातून टकटक येते, पाच-सात मिनिटांत कमी होते आणि गरम झाल्यावर जवळपास ऐकूच येत नाही. तालुक्याच्या मिस्त्रीने बॉनेट उघडून ऐकलं आणि सांगितलं की बेरिंग गेली, इंजिन उतरवावं लागेल, ३५ हजार धरून चाला.

भाऊ, आत्ताच उतरवू नका. कनेक्टिंग रॉडची, म्हणजे पिस्टनला खालच्या फिरत्या दांड्याशी (क्रँकशी) जोडणाऱ्या रॉडची, बेरिंग गेली असती तर आवाज याच्या उलट वागला असता. इंजिन थंड असताना ऑइल जाड असतं, ते बेरिंगमधली फट भरून धरतं आणि ठोका दबतो. इंजिन तापलं, ऑइल पातळ झालं की तोच ठोका मोठा होतो, चढावर आणखी वाढतो. तुमचा आवाज गरम झाल्यावर जातोय. झिजलेली बेरिंग थंड इंजिनातही वाजते, पण ती सुरू करताना एक-दोन सेकंद, ऑइलचा दाब तयार होईपर्यंत. पाच-सात मिनिटं नाही.

मी आर्वीच्या बाजूला २६ वर्षांपासून गॅरेज चालवतो. माझे उस्ताद गाडी आली की आधी बॉनेट उघडू द्यायचे नाहीत. गाडीवाल्याला बाजेवर बसवायचे आणि विचारायचे, "केव्हा वाजून राह्यली? थंडीत का गरमीत? उभ्या गाडीत का चढावर? क्लच दाबला तं बदलते का?" आवाज कसा आहे हे प्रत्येक जण वेगळं सांगतो, कोणी टकटक म्हणतो, कोणी खडखड. पण केव्हा येतो हे बहुतेक लोक बरोबर सांगतात. तुम्ही ते नीट लिहिलंय, म्हणूनच मला एवढं बोलता येतंय.

ही शिस्त मी एकदा मोडली. नवीन गॅरेज होतं. मृगाच्या तोंडावर एका कापूसवाल्या शेतकऱ्याची जुनी डिझेल जीप आली, इंजिनातून ठोके पडत होते. मी दोन मिनिटं ऐकलं आणि बेरिंग सांगून मोकळा झालो. इंजिन उतरवलं, खोललं, तर बेरिंगा चांगल्या. शेवटी पुढची क्रँक पुली काढायला गेलो तेव्हा दिसलं, तिचा बोल्ट ढिला होता आणि पुलीला दांड्यावर घट्ट धरणारी आतली लोखंडी चावी झिजून पुली जागेवर खेळत होती. ठोका तिथून येत होता. त्या माणसाने बियाण्याचे पैसे माझ्या हातात ठेवले होते. मजुरी मी परत केली, पण लेथवर आणि सामानावर गेलेला पैसा गेलाच. त्याने पेरणीसाठी उसने घेतले, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. आजही बेरिंगचा ठोका वाटला की माझा हात आधी पुलीवर जातो. तुमच्या मिस्त्रीने पुली हलवून पाहिली का, एवढं विचारा.

आता तुम्हाला घरी काय पाहता येईल ते सांगतो.

सपाट जागेवर, इंजिन बंद करून थोडा वेळ झाल्यावर ऑइलची पट्टी काढा, पुसा, परत घालून काढा. खालच्या खुणेच्या खाली असेल तर आधी ऑइल भरा आणि मगच पुढचं बघा, कारण कमी ऑइलवर कुठलाही आवाज येऊ शकतो. मग ऑइलचा लाल दिवा. किल्ली फिरवली की तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. जुन्या गाड्यांत हा दिवाच जळालेला असतो. तो लागतच नसेल तर सगळं ठीक आहे असं समजू नका, आधी बल्ब आणि वायर बघा. चालत्या इंजिनावर दिवा पेटून राहिला आणि सोबत ठोका असला, तर गाडी तिथेच बंद करा आणि ओढून आणा. अशा वेळी "गावापर्यंत जाते" म्हणत चालवलेलं इंजिन क्रँकसकट जातं.

तुम्ही लिहिलंय की गाडी वावरापर्यंत नेता. पांदण रस्त्याने नेत असाल तर खाली वाकून ऑइलचं चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइल साठवणारं पत्र्याचं भांडं, नक्की बघा. मधल्या उंचवट्यावरचा दगड चेंबरला लागतो, पत्रा आत दबतो. ऑइल ओढणारी जाळी चेंबरच्या तळाशी अगदी जवळ असते, पोचा तिथे आला तर पंपाला ऑइल कमी मिळतं. पोचा जास्तच खोल असेल तर फिरणारा रॉड पत्र्याला लागून ठोके पडतात. तो आवाज ऐकून भल्याभल्यांनी इंजिन खोललंय आणि काम फक्त चेंबर काढून सरळ करण्याचं होतं. मात्र असा ठोका गरम झाल्यावर सहसा जात नाही, म्हणून तुमच्या बाबतीत मी याला मागे ठेवतो.

तुमच्या लक्षणांना तीनच गोष्टी चांगल्या लागू पडतात: टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागाची) फट, मेनिफोल्डची (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीची) पॅकिंग, किंवा पिस्टनचा ढिलेपणा.

टॅपेट ओळखायचा ताल आहे. व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असेल, तर क्रँक सेकंदाला १५ वेळा फिरते आणि एक व्हॉल्व्ह साडेसात वेळा उघडतो. त्यामुळे एकच टॅपेट ढिला असेल तर त्याची टिकटिक इंजिनाच्या वेगापेक्षा संथ वाटते, शिवणयंत्रासारखी, बारीक आणि वरच्या झाकणातून येणारी. लांब पेचकसाचं टोक झाकणावर टेकवा, मूठ कानामागच्या हाडाला लावा आणि ऐका. मग तोच पेचकस खाली ब्लॉकवर टेकवून ऐका. जिथे आवाज टोकदार होतो, तिथे त्याचं मूळ जवळ. हे करताना गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा, बेल्ट आणि पंख्यापासून हात लांब. रेडिएटरचा पंखा विजेवरचा आहे, तो न सांगता सुरू होतो.

८०० चे टॅपेट स्क्रू आणि नटाने सेट होतात. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून, गाडीच्या पुस्तकातल्या मापाप्रमाणे, थंड इंजिनावर. तासाभराचं काम आहे. पण फट मुद्दाम कमी ठेवून आवाज बंद करणाऱ्याकडून करून घेऊ नका. फट उरली नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. टॅपेट थोडा वाजलेला बरा.

माझा जास्त संशय पॅकिंगवर आहे. इंजिन आणि सायलेन्सरचा मेनिफोल्ड यांच्यामधली पॅकिंग जळाली किंवा एखादा स्टड (मेनिफोल्ड आवळून धरणारा बोल्ट) तुटला की थंडीत त्या फटीतून धूर फुटतो आणि त्याचा आवाज हुबेहूब टकटक वाटतो. लोखंड तापून फुगलं की फट मिटते, आवाज जातो. तुमच्या वर्णनाशी हे तंतोतंत जुळतं. रात्रभर थंड झालेल्या गाडीचा मेनिफोल्ड टॉर्च लावून बघा, जोडाजवळ काजळीचा काळा डाग आहे का. मग गाडी सुरू करून कोणाला तरी मागे सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं दोन सेकंद दाबायला सांगा, पूर्ण बंद करायचं नाही. पुढची टकटक त्या क्षणी वाढली तर धूर जोडातूनच फुटतोय.

तिसरं पिस्टन. वर्षानुवर्षं चाललेल्या इंजिनात थंड पिस्टन सिलिंडरमध्ये हलतो आणि भिंतीवर आपटतो. आवाज पोकळ, दबका, मडक्यावर बोट वाजवल्यासारखा. गरम झालं की पिस्टन फुगतो आणि शांत होतो. हे तपासायला मिस्त्रीला सांगा की एकेका सिलिंडरचा प्लग बंद करून बघ. ज्या सिलिंडरवर आवाज कमी होईल तो दोषी. टॅपेटच्या आवाजाला याने फरक पडत नाही, मेनिफोल्डच्या मात्र पडतो, म्हणून आधी काजळी बघायला सांगितलं. प्लगची वायर काढून हवेत लोंबकळत ठेवू देऊ नका. तिला जुना प्लग लावून तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठेवायचा, नाहीतर कॉइल जाते आणि माणसाला झटकाही बसतो. एका सिलिंडरला काही सेकंदच, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं. तीन सिलिंडरचं इंजिन आहे, एक बंद केला की गाडी खूप हादरेल, घाबरू नका.

संशय पक्का करायचा असेल तर त्या सिलिंडरचा प्लग काढून छोटा चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा, प्लग बाहेर ठेवूनच स्टार्टर दोनदा फिरवा, मग प्लग लावून सुरू करा. थोडा धूर येईल. आवाज काही वेळापुरता कमी झाला तर पिस्टनच आहे. तरीही लगेच इंजिनकाम नाही. ऑइल खात नसेल, निळा धूर नसेल, ओढ चांगली असेल तर अशी गाडी वर्षानुवर्षं चालते. सुरू केल्यावर लगेच रेस न करता पहिला किलोमीटर सावकाश न्यायची, एवढं पथ्य.

आणखी एक शक्यता दोन मिनिटांत बाद करता येते. पुढचा बेल्ट ढिला करून उतरवा आणि इंजिन अर्धा मिनिट सुरू करा. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर त्याहून जास्त नको. आवाज गेला तर अल्टरनेटर किंवा पंपाच्या बेरिंगचा होता, इंजिनाचा नाही.

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना, पेट्रोल अवेळी पेटल्याने येणारी किणकिण ही वेगळी गोष्ट आहे, ती तुमच्यात नाही. पण आपल्याकडे जिनिंगच्या दिवसांत कापसाच्या गाड्यांमागे फिरलं की रेडिएटरच्या जाळीत सरकी-रुई अडकते, इंजिन तापतं आणि तीच किणकिण सुरू होते. दिवाळीनंतर एकदा पाण्याने जाळी धुवा.

माझा अंदाज बरोबर निघाला आणि पॅकिंगच फुटलेली असली, तर ती बदलेपर्यंत काचा लावून गाडी चालवू नका. थंडीच्या सकाळी तर नाहीच, आणि मागे लेकरं बसली असतील तर मुळीच नाही. तो धूर बॉनेटखालून केबिनमध्ये येतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाला फक्त डोकं जड झाल्यासारखं वाटतं. नवी पॅकिंग टाकताना मिस्त्रीला जुने स्टड आणि नटही बदलायला सांगा आणि मेनिफोल्डची बैठक सरळ पट्टी लावून बघायला सांगा. वाकडी असेल तर आधी लेथवर सपाट करून घ्या, नाहीतर नवी पॅकिंगही जळेल.