नागपुरात बर्डीजवळ (सीताबर्डी) किरायाने फ्लॅट घेताय?

भाऊ, पहिल्यांदाच फ्लॅट शोधतो आहेस तर दुपारी दोननंतर बघायला जा, सकाळी नको. सगळ्यात वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत असली की मे महिन्यात ४५ अंशांवर खोलीची भट्टी होते. कूलर कुठे बसेल, खिडकीचं ग्रिल काढू देणार का, हे मालकाला आधीच विचार. नागपुरात हा प्रश्न किरायाच्याही आधीचा! मी पहिल्या वर्षी विचारलं नाही आणि अख्खा नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, ओल्या चादरीवर काढला.

बाकी एवढं सांभाळ:
- धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांच्या गर्दीत रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळणं कठीण. पार्किंग करारात लिहून घे.
- मेंटेनन्स किरायात की वेगळा, हे टोकन देण्याआधी ठरव.
- ११ महिन्यांचा करार नुसता नोटरी करून भागत नाही. महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी मालकाची.

आणि बर्डीतच राहायचा हट्ट कशाला? मेट्रोच्या दोन्ही लाइनी तिथेच मिळतात. रोज मेट्रोनेच जाणार असशील तर दोन-तीन स्टेशनं पलीकडचेही फ्लॅट बघ.