खिशातल्या बिया, वास मारणारे शंख आणि एक चपटा सेल

मुलगा पावणेदोन वर्षांचा आहे. बागेतून रोज खडे, शेंगा, बाटल्यांची झाकणं मुठीत घेऊन येतो. काय ठेवू द्यायचं, हे पटकन कसं ठरवावं?
– एक आई, नेरूळ

मळाची फार चिंता करू नका, तो साबणाने निघतो. आधी आकार पाहा. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला ३१.७ मिमी व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात पूर्ण मावणारी वस्तू त्या वयाच्या मुलाला द्यायची नसते. घरी टॉयलेट पेपरच्या रोलची पुठ्ठ्याची नळी घ्या. ती थोडी रुंद, साधारण ४ सेंमी असते, म्हणजे तुमची चाचणी जरा कडकच होईल. ती तशीच असू दे. सोड्याच्या बाटलीचं झाकण, गोटी, चिंचोका, बोराची बी हे सगळं त्यात आरपार जातं. गुलमोहराची अख्खी शेंग जात नाही, पण वाळलेली शेंग तडकली की आतल्या लांबट बिया सुटतात. म्हणून शेंग रोज हलवून, दाबून पाहा. फुग्याच्या फाटक्या तुकड्याला मात्र कुठलाही आकार लागू नाही. तो घशावर चिकटून बसतो, दिसताक्षणी कचऱ्यात टाका.

काही अडकलंच आणि मूल जोरात खोकत असेल, तर खोकू द्या. आवाज फुटत नसेल, श्वास जमत नसेल, तर एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ थापा द्या. मग पाठीमागून हातांचा वेढा घालून बेंबीच्या वर आत-वर असे ५ दाब. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करा आणि दुसऱ्या कुणाला १०८ लावायला सांगा. मूल बेशुद्ध पडलं तर थापा थांबवून सीपीआर (छातीवर दाब आणि तोंडाने श्वास) सुरू करा. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नका, ती आणखी खोल जाते.

नात सोसायटीच्या कुंपणाखालून बिट्ट्या आणि लाल बिया गोळा करते. आम्ही लहानपणी बिट्ट्यांनीच खेळायचो. आता अडवायचं का?
– एक आजी, नौपाडा, ठाणे

हो आजी, अडवाच. बिट्टी म्हणजे पिवळ्या कण्हेरीचं फळ. झाडाचं पान, चीक, फळ सगळं विषारी आणि सगळ्यात जास्त विष त्या कठीण कवचातल्या बीत. ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं. तुमच्या वेळची मुलं जरा मोठी होती, हातात घेऊन खेळायची. दोन वर्षांचं मूल वस्तू आधी तोंडात घालतं.

लाल बियांत दोन प्रकार नीट ओळखा. बी लाल आणि टोकाला काळा ठिपका असेल तर ती गुंज. अख्खी गिळली तर कठीण सालीमुळे कधी कधी तशीच बाहेर पडते. चावली गेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली असली तर आतलं जहाल विष सुटतं. मोठी, चपटी, पूर्ण लाल बी रतनगुंजेची. ती गुंजेइतकी घातक नाही, पण कच्ची बी खाण्याजोगी नसते आणि घशात अडकायला पुरेशी असते. रस्त्याकडेच्या एरंडाच्या ठिपकेदार बियाही घरात नकोत.

पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका. उरलेली बी पिशवीत घालून सोबत न्या आणि रुग्णालय गाठा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर सल्ला देतं. फोन वाटेतून करा.

उरणच्या किनाऱ्यावरून आणलेल्या शंखांना वास येतो आणि शेंगांमधून बारीक किडे निघतात. उपाय?
– एक बाबा, खारघर

वास येतो तो आत राहिलेल्या मांसाचा. शंख गार पाण्यात टाकून उकळी आणा, ५ मिनिटं मंद आचेवर ठेवा, निवल्यावर वाकवलेल्या टाचणीने आतलं ओढून काढा. मग भांड्यांच्या साबणाने जुन्या टूथब्रशने घासून उन्हात वाळवा. व्हिनेगर वापरू नका, शंख चुन्याचा असतो, आम्लाने त्याची चकाकी जाते. पुढच्या खेपेला किनाऱ्यावरच शंख ओंजळभर समुद्राच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून पाहा. पाय बाहेर आले तर आत खेकडा आहे, त्याला जिथल्या तिथे सोडा.

शेंगा आधी वाळवून, झिपच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. थंड शेंगांवर दव धरतं आणि आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी येते. मुलाच्या खोक्यात डांबरगोळी कधीच नको, ती पेपरमिंटसारखी दिसते आणि विषारी असते.

पावसाळ्यात भिंतीवर चढणारी मोठी गोगलगाय मात्र घरी आणू देऊ नका. तिच्यात मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या कृमीच्या अळ्या असू शकतात. हाताळली असेल तर साबणाने नीट हात धुवा.

दिवाळीनंतर मुलीच्या डब्यात विजेच्या पणतीतला चपटा सेल सापडला. एवढं घाबरण्यासारखं आहे का?
– एक वाचक, घोडबंदर रोड

आहे, आणि या पानावरचा सर्वांत तातडीचा प्रश्न हाच. लाळेने वीज वाहू लागते, सेलच्या ऋण बाजूला क्षार तयार होतो आणि अन्ननलिका दोन तासांत गंभीरपणे भाजते. २० मिमीचा लिथियम सेल बरोबर तिथेच अडकतो. गिळल्याची शंका असेल तर लगेच एक्स-रे हवा. मूल एका वर्षावरचं असेल, नीट गिळत असेल आणि बारा तास उलटले नसतील, तर वाटेत दर १० मिनिटांनी २ चमचे (१० मिली) मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी निघायला उशीर नको. दुसरं काही खायला-प्यायला देऊ नका. नाकात घातलेला सेलही तेवढाच तातडीचा. सण संपला की पणत्या मोजून घ्या, सेलवर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि ई-कचऱ्यात द्या.

जुन्या वस्तू टाकल्या की मुलगी आकांत करते. (वय अडीच)
– एक आई, ऐरोली

तिच्या नकळत टाकू नका, ती रोज शोधते. अंड्यांचा कागदी ट्रे चालेल असं वाटतं, पण त्याच्या खळग्यात मावणाऱ्या बहुतेक वस्तू वरच्या नळीतही मावतात. त्यापेक्षा चपलांचं खोकं घ्या. ते भरलं की नवीन एक आत, जुनं एक बाहेर. कुठलं जायचं ते तिने निवडायचं आणि पान, काठी, शेंग जिथून आणली त्या झाडाखाली तिनेच ठेवायची.